गोलकीपरच्या हातची शेवटची मोळी

किसन नामदेव गर्जे. गाव पाथर्डी तालुक्यात, काम साखर कारखान्याच्या गव्हाणीवर, शिवाय कारखान्याच्या हॉकी टीमचा गोलकीपर. या माणसावर अन्याय झाला तो यंदाच्या, म्हणजे त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत, सेमीफायनलच्या आधीच्या मंगळवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण त्या वेळी कारखान्याचा भोंगा झाला आणि मी शेजारी उभा राहून टाळ्या वाजवत होतो.

मी नगरच्या एका साप्ताहिकात वार्ताहर आहे. त्याआधी तीन वर्षं पत्रकं लिहिली. मोर्च्यांची, धरण्यांची, निषेधाची. पत्रकात एक मोठी सोय असते. अन्याय करणारा नेहमी दुसरा कोणीतरी असतो. इथे ती सोय नाही. या अन्यायात एक हात माझा होता, म्हणून सगळं क्रमाने सांगतो.

आमच्या संपादकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी मला बोलावलं.

"कामगारांच्या हॉकीत चार टीम उरल्यात. शनिवारच्या अंकात अंदाज पाहिजे. ढाल कोण नेणार आणि का. दीड कॉलम."

"अण्णा, मला हॉकीतलं काही कळत नाही."

"दुष्काळातलं कळत होतं? त्यावर चार कॉलम लिहिलेस की."

वही खिशात घातली. मी निघालो.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. नगरला लष्कर आहे, म्हणून नगरला हॉकी आहे. पोरांनी तारेच्या कुंपणाबाहेरून जवानांचा खेळ पाहिला. पुढे रिटायर झालेले जवान साखर कारखान्यांत सिक्युरिटीवर लागले आणि जाताना ट्रंकेत स्टिका घेऊन गेले. अशी हॉकी उसात शिरली. उरलेल्या चारांत दोन टीम साखर कारखान्यांच्या होत्या आणि त्या सेमीफायनलला एकमेकींसमोर होत्या. दुसऱ्या सेमीफायनलला नगरमधल्या एका वर्कशॉपची टीम आणि विडी कामगारांची टीम.

अंदाज लिहायचा म्हणजे चारही टीमना सराव करताना पाहायचं, कोण जखमी आहे ते विचारायचं, आणि मग खात्री असल्यासारखं लिहायचं. मी विडीवाल्यांपासून सुरुवात केली. अकरा जण अनवाणी. दोन स्टिकांना सुतळी गुंडाळलेली. एक जण मधेच खेळ थांबवून खोकत बसला. मी वहीत लिहिलं: चौथा नंबर. वर्कशॉपकडे बूट होते, एकसारखे बनियन होते. दुसरा नंबर. माझी पद्धत तुमच्या लक्षात आलीच असेल. मी पाय बघत होतो.

मग एस.टी.ने कारखान्यावर गेलो. कारखान्याचं नाव लिहीत नाही. मी लिहिलं होतं, अण्णांनी खोडलं. टीमला शिकवणारे सिक्युरिटी ऑफिसर, रिटायर सुभेदार कदम, मला मैदानावर घेऊन गेले.

"फॉरवर्ड लाइन बघू नका," ते म्हणाले. "फॉरवर्ड लाइन आपली रामभरोसे. गोल बघा."

गोलात किसन होता. क्रिकेटचे पॅड बांधून, डोक्याला टॉवेल गुंडाळून. सुभेदार त्याच्यावर शॉर्ट कॉर्नर मारून घेत होते. शॉर्ट कॉर्नर म्हणजे गोलाजवळ केलेल्या चुकीची शिक्षा. गोललाइनवरून बॉल बाहेर ढकलतात, एक जण तो थोपवतो आणि दुसरा जीव खाऊन गोलात मारतो. अर्धा तास हे चाललं. बॉल पॅडला लागत होता, हाताला लागत होता, छातीला लागत होता. जाळीला काही लागला नाही.

संध्याकाळी त्याची पाळी होती म्हणून मी त्याच्याबरोबर गव्हाणीवर गेलो. गव्हाण म्हणजे जिथे उसाच्या मोळ्या सरकत्या पट्ट्यावर पडतात आणि पुढे गिरणीत जातात. मोळी आडवी पडली की किसन लांब आकडीने ती सरळ करायचा. वरून दुसरी येत असतेच. ती पडायच्या आत बाजूला व्हायचं.

"बॉलची भीती वाटत नाही?" मी विचारलं.

"बॉल केवढा, मोळी केवढी!" तो म्हणाला. "मोळी आंगावर आली तर मानूस ऱ्हात न्हाई. बॉलनं लई तर दात जाईल. आन त्यो गेलाय की एक." त्याने ओठ वर करून दाखवला.

"किती वर्षं आहेस इथे?"

"सहा सीझन."

वर्षं विचारली तर सीझन सांगितले. कारखान्यात दोन जातीचे कामगार असतात. कायम, आणि सिझनल. ऊस गाळायचा हंगाम चालू असेतो सिझनलचं नाव मस्टरवर, म्हणजे हजेरीच्या वहीत. हंगाम संपला की नाव उतरलं. पुढल्या वर्षी गेटवर उभं राहायचं आणि आत बोलावतील अशी आशा करायची.

"आबा म्हनले हायेत," किसन सांगत होता. आबा म्हणजे कारखान्याचे चेअरमन. "ढाल आना, किसनला कायम करतो. समद्यांम्होरं म्हनले. टीममदी सिझनल म्या येकलाच."

"आणि ढाल नाही आली तर?"

"मग कोयता हायेच की बापाचा. चांगला घासलेला हाय." आकडीने एक मोळी सरळ करून म्हणाला, "यंदा तोडायला ऊस बी न्हाई म्हना. मग खडी."

तिथून परत येताना एस.टी.त माझं पत्रक डोक्यात तयार झालं होतं. दुर्दैवाने मला अंदाज लिहायचा होता. मी दोन्ही एकत्र केलं. लिहिलं की ढाल या कारखान्याचीच, कारण जिल्ह्यात असा गोलकीपर नाही. आणि खाली जोडलं: 'ज्याच्या छातीवर कारखाना ढाल जिंकायला निघाला आहे, त्याचं नाव हंगाम संपताच मस्टरवरून उतरतं. हंगाम संपल्यावर किसन गर्जे या कारखान्याचा कोणीही नसतो.'

अण्णांनी प्रूफ वाचलं. "हे शेवटचं काढ."

"का?"

"अंदाजाशी याचा संबंध काय?"

"अण्णा, पूर्ण मजकुरात तेवढंच खरं आहे."

"खरं म्हणून काढ म्हणतोय. अंदाज चुकला तर लोक हसतील. खरं छापलं तर कोणीतरी वापरेल."

मी त्यांना भित्रे म्हणालो. तोंडावर म्हणालो. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि मजकूर तसाच जाऊ दिला. माझा विजय झाला. ही पत्रकं लिहिणाऱ्या माणसांची खोड आहे. वाक्य छापून आलं की अन्याय संपला असं वाटतं.

शनिवारी अंक निघाला. आबांना कोणीतरी वाचून दाखवला, स्तुतीपर्यंत. पुढचं त्यांनी ऐकलं नसावं, कारण रविवारी कारखान्याचा माणूस आमच्याच प्रेसमध्ये पत्रिका छापायला आला. दुष्काळाने ऊस संपला होता. हंगाम लवकर बंद होणार होता. शेवटची मोळी गव्हाणीत टाकायचा समारंभ असतो, पूजा, नारळ, भाषण. दरवर्षी मोळी एखादे संचालक सपत्नीक टाकतात. या वर्षी पत्रिकेवर छापलं: 'शेवटची मोळी आपल्या हॉकी संघाचे गोलकीपर श्री. किसन नामदेव गर्जे यांच्या शुभहस्ते.' पत्रिकेची प्रुफं मीच तपासली. 'शुभहस्ते'मधला स्ते उलटा लागला होता तो सरळ केला. मला केवढा अभिमान वाटला!

मंगळवारी मला खास बोलावणं होतं. किसनने इस्त्रीचा शर्ट घातला होता. आबांनी त्याला हार घातला. मोळीलाही हार होता. दोघंही अवघडलेले. किसनने मोळी उचलली, कपाळाला लावली आणि पट्ट्यावर ठेवली. मोळी गेली, चरकात शिरली. लांबलचक भोंगा झाला. तीन वाजून दहा मिनिटं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता या समारंभाला कोण कोण होतं ते पाहा. चेअरमन, ज्यांना ढाल पाहिजे. लेबर ऑफिसर, ज्यांच्या कपाटात मस्टर. सुभेदार, ज्यांना स्पर्धेचे नियम पाठ. आणि मी, ज्याने 'हंगाम संपल्यावर तो कोणीही नसतो' हे छापून आणलं. चौघांच्याही डोक्यात आलं नाही की आपण गोलकीपरला हार घालून, नारळ फोडून, त्याच्याच हाताने त्याला टीमबाहेर काढतो आहोत.

ज्यांच्या डोक्यात यायचं त्यांच्या आलं. बुधवारी सुभेदार आमच्या ऑफिसात हजर.

"तुम्ही काय लिहून ठेवलंय हे?" त्यांच्या हातात सेमीफायनलला समोर असलेल्या कारखान्याने घेतलेल्या हरकतीची नक्कल होती. नियम असा की सामन्याच्या दिवशी खेळाडू त्या संस्थेचा कामगार असला पाहिजे. हंगाम मंगळवारी बंद झाला. गर्जे सिझनल. सबब गर्जे अपात्र. पुरावा क्रमांक एक, आमच्या साप्ताहिकाचं कात्रण, माझ्या वाक्याखाली लाल रेघ. पुरावा क्रमांक दोन, समारंभाची पत्रिका. दोन्ही आमच्याच प्रेसची छपाई. ठसठशीत, वाचायला सोपी.

अण्णा आतून सगळं ऐकत होते. चष्मा पुसत राहिले. 'सांगितलं होतं' म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

"बदली गोलकीपर आहे का?" मी विचारलं.

"स्टोअरचा क्लार्क आहे," सुभेदार म्हणाले. "बॉल आला की डोळे मिटतो."

"मग करायचं काय?"

"स्पर्धेच्या कमिटीचं म्हणणं, कारखान्याने शुक्रवारपर्यंत लिहून द्यावं की गर्जे अजून आमचा कामगार आहे. लेबर ऑफिसर देत नाही. म्हणतो, नियमात बसत नाही. तुम्ही लिहून घोळ घातलात, तुम्हीच निस्तरा."

गुरुवारी मी कारखान्यावर गेलो. लेबर ऑफिसर कुलथेसाहेब सभ्य माणूस. चहा मागवला.

"किसन आमचाच हो," ते म्हणाले. "कोण नाही म्हणतंय? पण लेखी कसं देऊ? लेखी दिलं की बाकीचे सिझनल उद्या दारात."

"एक सांगा साहेब. हंगाम नसताना सिझनलला रिटेन्शन देता ना?" रिटेन्शन म्हणजे कामगार दुसरीकडे जाऊ नये म्हणून बंद हंगामातही त्याला दिलेला पगाराचा थोडा भाग.

"देतो की."

"कशासाठी?"

"पुढच्या हंगामाला यावा म्हणून."

"म्हणजे सुट्टीतही तो तुम्ही बांधलेला. बांधलेला आहे, पण तुमचा नाही. असं कसं?"

कुलथेसाहेब हसले. "तुम्ही पत्रकं लिहायचात ना आधी? वाटलंच."

तेवढ्यात आबा आत आले. मागे सुभेदार, त्यांच्या मागे किसन, दाराशी थांबलेला. समोरच्या कारखान्याचे चेअरमन म्हणजे आबांचे व्याही. थोरल्या लेकीचे सासरे. हे जिल्ह्यात सगळ्यांना माहीत होतं, मला त्या दिवशी कळलं.

"झाला का कागद?" आबांनी विचारलं.

"आबा, यात धोका आहे," कुलथे म्हणाले. "हा कागद उद्या कोर्टात आपल्याच अंगावर येईल."

"उद्याचं उद्या बघू. रविवारी व्याही मंडपात बसून मिशीला पीळ देनार, त्याचं काय? सकाळीच फोन हुता. म्हनतो, पावनं, गोलात कोन उभं करताय, स्वतः ऱ्हाताय का?" आबा खुर्चीत बसले. "टाइप करा."

"पण आबा—"

"कुलथे, मी चेअरमन हाय का तुमी?"

टाइपरायटर शेजारच्या खोलीत. मजकूर सांगायला कुलथेसाहेब गेले, मीही गेलो. एक प्रत कमिटीला, एक फाइलला. टायपिस्ट कागद लावत होता तेव्हा मी हळूच म्हणालो, "एक कार्बन जास्त घाला." पत्रकं लिहिणाऱ्याला दोन गोष्टी येतात, ओरडणं आणि जादा प्रत ठेवणं. टायपिस्टने माझ्याकडे पाहिलं. तोही सिझनल होता. त्याने कार्बन घातला.

मजकूर असा: 'श्री. किसन नामदेव गर्जे हे या कारखान्याचे कामगार असून, गळीत हंगाम संपल्यानंतरही ते कारखान्याच्या सेवेत आहेत.' आबांनी तिन्ही प्रतींवर सही केली. मोजून पाहिलं नाही.

बाहेर आल्यावर किसनला वाचून दाखवलं. त्याने दोनदा वाचायला लावलं.

"हंगाम संपल्यावर बी?"

"हो. तसंच लिहिलंय."

"मंग रविवारी मला मरायला बी परवानगी हाय," तो म्हणाला आणि पॅड शोधायला गेला.

सामना नगरला. दरवर्षी मैदानावर पाणी मारतात. यंदा प्यायलाच नव्हतं, मैदानाला कोण देतो. जमीन तव्यासारखी कडक, बॉल सुसाट. आबा आणि व्याही मंडपात शेजारीशेजारी, दोघांमध्ये पानाचं तबक. उत्तरार्धात आपल्या फॉरवर्ड लाइनने चुकून एक गोल केला. मग शेवटची पाच मिनिटं समोरच्यांना ओळीने तीन शॉर्ट कॉर्नर मिळाले. पहिला किसनने पॅडवर घेतला. दुसरा हातावर. तिसरा खड्याला लागून उसळला आणि त्याने छाती पुढे केली. आवाज मंडपात ऐकू आला. तो खाली बसला, पण बॉल त्याच्या पुढ्यात होता. शिट्टी झाली. आबांनी व्याह्याला विडा करून दिला. तो विडा व्याह्याने खाल्ला नाही, हेही मी पाहिलं.

फायनल पुढच्या रविवारी. विरुद्ध विडी कामगार. हो, तेच अनवाणी. वर्कशॉपवाल्यांचे बूट कडक जमिनीवर घसरत राहिले आणि विडीवाल्यांनी त्यांना घरी पाठवलं होतं. फायनलमध्ये मला प्रथमच त्यांचे हात दिसले. दिवसभर विड्या वळणारी मनगटं. स्टिक बोटांत फिरवतात की काय असं वाटत होतं. खोकणारा त्यांचा सेंटर फॉरवर्ड. दोन्ही गोल त्याचे. दोन्ही वेळा किसन बरोबर बाजूला झेपावला आणि दोन्ही वेळा बॉल दुसऱ्या बाजूने गेला. ढाल विड्यांच्या वखारीत गेली.

सोमवारी अण्णांनी विचारलं, "तुझ्या अंदाजात यांचा नंबर कितवा?"

"चौथा."

"चारांत?"

"हो."

"बरं," अण्णा म्हणाले. "पुढच्या वेळी पाय नको बघू."

ढाल आली नाही म्हणून आबांचा शब्दही आला नाही. तो शब्द ढालीला बांधलेला होता, ते एक वेळ समजतं. पण कागद? मी कुलथेसाहेबांकडे गेलो.

"तो कागद स्पर्धेपुरता होता हो," ते म्हणाले.

"कागदात 'स्पर्धेपुरता' असं कुठे आहे?"

"ते गृहीतच आहे. फाइलमध्ये बघू म्हणालात तरी फाइलची प्रत सध्या सापडत नाहीये."

"माझ्याकडची सापडते," मी म्हणालो.

या वेळी त्यांनी चहा मागवला नाही.

मे महिन्यात मी पाथर्डीला गेलो. किसन रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होता. बायको शेजारी पाटी भरत होती. उन्हात त्याने डोक्याला तोच टॉवेल गुंडाळला होता. मी माफी मागायला गेलो होतो, पाठ करून गेलो होतो. त्याने ऐकून घेतलं.

"तुमी लिवलं म्हून त्यांनी हरकत घेतली, हे खरं," तो म्हणाला. "पर हरकत घेतली म्हून कागद झाला, हे बी खरं हाय. सहा सीझनमदी न्हवता झाला. हाय ना जवळ?"

"आहे."

"मंग माफी राहू द्या. आता हे समदं लिवा. माझं नाव बी घाला, भिऊ नका. आन दसऱ्याला म्या गेटवर जाईन तवा माझ्यासंगं या. एकट्यानं कागद दाखवला तर वाचमन बी घेत न्हाई."

जाईन. पण दोघांनी गेटवर उभं राहून भागणार नाही, म्हणून हे लिहितो आहे. कारखाना चेअरमनचा नसतो, सभासदांचा असतो, आणि हे साप्ताहिक वाचणारे निम्मे लोक कुठल्या ना कुठल्या कारखान्याचे सभासद आहेत. पुढच्या महिन्यात तुमच्या वार्षिक सभा आहेत. तुम्ही दरवर्षी जाता, चिवडा खाता, साखरेच्या कोट्याची चिठ्ठी घेता आणि 'अहवाल वाचला असे समजण्यात यावे' म्हटलं की हात वर करता. तुमच्याही गव्हाणीवर एक किसन आहे. तो हॉकी खेळत नसेल, म्हणून त्याच्याकडे एवढासुद्धा कागद नाही.

यंदा हात जरा आधी वर करा. उभे राहा आणि विचारा: हंगाम संपल्यावर हा माणूस कोणाचा? उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा. आणि टायपिस्टला सांगा, एक कार्बन जास्त घाल.